खडकावरील कोंबू व दोरावरील कोंबू

जपानच्या उत्तरेस होक्काइडो नांवाचें बेट आहे. त्याच्या थंड समुद्रांत कोंबू नांवाचें तपकिरी शेवाळ वाढतें. तें वाळवून तेथील लोक त्याचें सार करितात. १९०८ सालीं किकुनाए इकेडा या रसायनशास्त्रज्ञानें साराची रुचि देणारें ग्लुटामेट ह्याच कोंबूंतून वेगळें काढलें. त्याची अंतर्रचना आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

कोंबूच्या पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविला असतां तीन थर दिसतात. बाहेरच्या थरांतील लहान पेशींत रंगद्रव्य असतें. त्या सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात व विभागून पानाची जाडीही वाढवितात. त्याच्या आंत मोठ्या पेशींचा दुसरा थर असून तेथें बुळबुळीत रसाच्या नलिका असतात. मध्यभागीं लांब तंतूंसारख्या पेशींचें जाळें असतें. त्यांतील कांहींचीं टोकें तुतारीच्या तोंडाप्रमाणें रुंद असून मधल्या पडद्यांस भोकें असतात. त्यांतून अन्न पानाच्या बुडाशीं असलेल्या वाढीच्या जागेकडे जातें.

आतां प्रश्न असा कीं, मनुष्यानें समुद्रांत दोरावर वाढविलेल्या कोंबूची घडण निराळी असते काय? थर तेच, त्यांचा क्रमही तोच. फरक पडतो तो मुख्यतः जाडींत. खडकावरचा कोंबू पहिल्या वर्षीं पातळ असतो; त्यास 'मिझु-कोंबू', म्हणजे पाण्याचा कोंबू, म्हणतात. तें पान झिजून जातें, बुडापासून नवें वाढतें, आणि दुसऱ्या उन्हाळ्यांत तें जाड व रुचकर झाल्यावर कापितात. दोरावरच्या कोंबूस कोणी दोन वर्षें देतात. कोणी टाक्यांत रोपें लवकर तयार करून एका वर्षांतच कापणी करितात. अशा घाईच्या कोंबूचें पान लांबरुंद होतें, परंतु सामान्यतः पातळ राहतें. शिवाय अशा शेवाळांचीं पानें शांत पाण्यांत रुंद व पातळ, तर लाटांच्या माऱ्यांत अरुंद व जाड होतात.

म्हणून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तुलना करावयाची तर एकाच जातीचे, एकाच वयाचे व पानाच्या एकाच भागाचे छेद घ्यावे. नाहींतर वयाचा फरक आपण जातीचा फरक समजूं.

हा नियम शेवाळापुरताच नाहीं. एका मुलाची दुसऱ्याशीं तुलना करितांना पालकांनीं, आणि आम्हां शिक्षकांनींही, त्यास मिळालेला काळ व त्यानें सोसलेल्या लाटा प्रथम पाहाव्या. आंतील थर देवानें सर्वांस सारखेच दिले आहेत.