‘त्याचं काही ऐकू नका’

व्यसनमुक्ती केंद्रात माणूस ठेवताना घरच्यांना पहिल्याच दिवशी पढवून ठेवलं जातं : "महिनाभर तो रडेल. मारतात म्हणेल, उपाशी ठेवतात म्हणेल. त्याचं काही ऐकू नका. हाच तर आजार आहे." बंगळूरच्या बाहेरच्या एका खासगी केंद्रात माझ्या भाच्याला ठेवलं, तेव्हा ताईला आणि भावोजींनाही हेच सांगितलं गेलं. त्यांना ते पटलं, आणि का पटू नये? पगार उशिरा झालाय, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, वास येतोय तो खोकल्याच्या औषधाचा आहे, अशा थापा ऐकून दोघंही विटले होते.

व्यसनात माणूस खोटं बोलतो, हे खरंच आहे. पण वाईट केंद्रांचा सगळा धंदा या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाने चालतो. पैसे भरणारा एक, सोसणारा दुसरा. सोसणाऱ्याचं बोलणं आधीच खोटं ठरवून ठेवलं की तक्रार करणारं कुणी उरतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये बंगळूरजवळच्या नेलमंगल भागातल्या एका खासगी केंद्रातलं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं. शौचालय साफ करायला आणि वॉर्डनचे कपडे धुवायला नकार दिला म्हणून रुग्णाला फरफटत नेऊन काठीने मारल्याचा आरोप होता. सगळीकडे संताप उसळला. पण हीच गोष्ट त्या रुग्णाने घरी फोनवर सांगितली असती, तर किती जणांनी खरी मानली असती?

आमच्याकडे झालं ते असं. भाचा बंगळूरच्या व्हाइटफील्डला नोकरीला, आईवडील बेळगावला. भावोजींनी फोनवरूनच केंद्र ठरवलं. पहाटे गाडी आली, चौघं उतरले आणि त्याला अंथरुणातून उचलून घेऊन गेले. याला ते लोक ‘पिकअप’ म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. तीन महिन्यांचा ॲडव्हान्स घेतला आणि पावती दिली ती साध्या बिलबुकातल्या पानावर. वर केंद्राचा शिक्का होता, डॉक्टरचं नाव कुठेच नव्हतं. तो रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, आधी कधी फिट आली होती का, हे कुणी विचारलं नाही.

हे न विचारणं साधं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंग थरथरतं, ताप चढतो. वेळेवर औषध मिळालं नाही तर यात माणूस दगावतो. डॉक्टर आणि रात्रपाळीची नर्स नसलेल्या खोलीत अशा माणसाला कोंडून ठेवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आमचा भाचा निभावला, एवढंच.

सुरुवातीला भेट बंद, असा नियम होता. मी बंगळूरातच राहते, म्हणून न कळवता गेले. बरीच हुज्जत घातल्यावर भेट मिळाली, तीही एक ‘सीनियर’, म्हणजे तिथलाच जुना रुग्ण, शेजारी बसवून. भाच्याचं डोकं भादरलेलं होतं. उवा झाल्या होत्या, असं सीनियरनेच सांगितलं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली, हाताला फिनेलचा वास. रुग्णांकडून करवून घेतलेल्या साफसफाईला तिथे ‘सेवा’ म्हणत होते. भाच्याने कसलीही तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "मावशी, आज तारीख किती?" मी सांगितली तेव्हा त्याला ती खरी वाटेना. तो आठवड्याहून जास्त मागे होता.

त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्या दिवशी आलाच नाही, कारण तो काही बोललाच नव्हता. सगळ्यांना माझं सांगणं तेच आहे : या प्रश्नात अडकू नका. ज्याला कुणाच्या शब्दाची गरज नाही ते तपासा.

ठेवण्याआधी कागद बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकारही येतात. त्यामुळे ‘आम्ही हॉस्पिटल नाही, रिहॅब आहोत’ ही सबब चालत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणा. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्याखालचीही मागा. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव विचारा आणि त्यांना स्वतः भेटा. स्वयंपाकघर, संडास आणि झोपायची जागा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रात्री दाराची किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आलं नाही.

रुग्ण स्वतः तयार असेल तर त्याच्या सहीने प्रवेश होतो. तयार नसेल तर नुसती बापाची सही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. असा प्रवेश सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो आणि ७ दिवसांच्या आत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावा लागतो. पहाटेची गाडी आणि तीन महिन्यांचा ॲडव्हान्स यात कुठे बसतो, ते तुम्हीच बघा.

ठेवल्यावर भेटीला जा आणि एकांतात बोला. भेटीचा आणि फोनचा हक्क रुग्णाला कायद्यानेच आहे. सक्तीने डोकं भादरायला, जबरदस्तीने काम करून घ्यायला आणि एकट्याला कोंडायला मनाई आहे. साखळीने बांधण्यावर तर सरसकट बंदी आहे. वजन, नखं, हातपाय, अंगावरचे कपडे बघा. औषधांची चिठ्ठी मागा आणि आपल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवा. ‘भेटीने उपचार बिघडतात’ असं कुणी म्हणालं, तर तसं डॉक्टरच्या सहीने लिहून द्या म्हणा.

मी तेच केलं. प्रवेश कुठल्या कलमाखाली झाला, कुणी तपासलं, औषधं कोणती चालू आहेत, असं एका कागदावर लिहून मॅनेजरच्या हातात दिलं आणि पोच मागितली. त्याचा आवाज लगेच मऊ झाला. "मॅडम, घेऊन जा ना." ॲडव्हान्स बुडाला. तिथून आम्ही त्याला निम्हान्स या बंगळूरच्याच सरकारी मानसोपचार संस्थेच्या व्यसनोपचार विभागात दाखवलं. पेशंटजवळ घरचं माणूस राहण्याची तिथे जुनी पद्धत आहे. घरच्यांना दूर ठेवल्याशिवाय उपचार होत नाहीत, हे किती खोटं आहे ते तिथे कळतं.

सगळी केंद्रं सारखी नसतात. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, त्यामागे पु. ल. देशपांडे यांची मदत होती. व्यसनातून बाहेर आलेली अनेक माणसं तिथे काम करतात. तेव्हा केंद्रातला कार्यकर्ता पूर्वी व्यसनी होता, यात वावगं काही नाही. त्याच्या डोक्यावर डॉक्टर आणि समुपदेशक आहेत की नुसता दंडुका त्याच्या हाती दिलाय, ते बघा. कुठे जावं सुचत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पहाटेची गाडी बोलावण्याआधी तिथे फोन करा.

माणूस बाहेर काढलात की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, जखमांचे फोटो काढा, पावत्या जपून ठेवा. मग पोलीस, प्राधिकरण आणि पुनर्विलोकन मंडळाकडे लेखी तक्रार द्या. भावोजी म्हणाले होते, "जाऊ दे गं, सुटला ना आपला?" तरी मी तक्रार दिली. आपलं बोलणं निदान ऐकून तरी घेतात. आत राहिलेल्या पोरांचं ऐकायचं नाही, असं त्यांच्या आईबापांना अजूनही सांगितलं जातंय.