ऐनवेळची एकट्याची सहल: बँकॉक, पेनांग, क्वालालंपूर, आणि पुढे जमलं तर

रजा मंजूर झाली आहे, सोबतीला कुणी नाही आणि निघायला जेमतेम आठवडा उरला आहे. अशा वेळी मुंबई-पुण्याच्या माणसाला परदेशात जायचं तर आग्नेय आशियाइतका सोयीचा प्रदेश दुसरा नाही. ऐनवेळी निघालं की सगळंच महाग पडतं, हा समज अर्धाच खरा आहे. बँकॉकच्या हॉस्टेलमधला बेड महिनाभर आधी घेतला काय आणि त्याच दिवशी घेतला काय, एरवीच्या दिवसांत फार फार तर शे-दोनशे रुपयांचा फरक पडतो. जेवणाचे भाव तर तेच राहतात. घाईची खरी किंमत वसूल होते ती एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना: विमानाचं तिकीट, बॅगेचं वजन, व्हिसा, सीमा. म्हणून प्रवासाचे टप्पे आधी पक्के करावेत आणि मुक्काम मोकळे ठेवावेत. एखादं शहर आवडलं तर रात्र वाढवा, नाही आवडलं तर कमी करा, पण टप्पे हलवू नका.

हिशेबासाठी मी एक थाई बाट पावणेतीन रुपये, मलेशियाचा रिंगिट २१ रुपये, सिंगापूर डॉलर ६९ रुपये आणि व्हिएतनामचे हजार डाँग साडेतीन रुपये असे दर धरले आहेत. निघताना त्या दिवसाचा दर पाहून आकडे थोडे वरखाली करून घ्या.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. ती नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तत्काळमध्ये नूतनीकरण करा. त्याला नेहमीच्या १५०० रुपयांवर आणखी २००० रुपये लागतात.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय राहण्याची मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. ती पुन्हा ३० दिवसांवर आणण्याची चर्चा तिथे झाली आहे, तेव्हा थायलंडचा मुक्काम महिन्याच्या आतच बसवा आणि तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाचं संकेतस्थळ एकदा पाहा. मलेशियात ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भारतीयांना ३० दिवस व्हिसा लागत नाही. दोन्ही देशांत पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. थायलंडने ते १ मे २०२५ पासून सक्तीचं केलं आहे. दोन्ही पत्रं सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहेत. शोध घेतला की हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं वर येतात आणि ती पैसे मागतात. पैसे भरायचं पान उघडलं, तर तुम्ही चुकीच्या जागी आहात असं समजा.

चेक-इनच्या काउंटरवर एकट्या प्रवाशाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘थायलंडमधून बाहेर पडायचं तिकीट कुठे आहे?’ पुढचं काहीच ठरवलेलं नसेल तर तिथल्या तिथे, मिळेल त्या भावात तिकीट घ्यायची पाळी येते. त्यामुळे निघण्यापूर्वी तीन तिकिटं काढा: मुंबई-बँकॉक विमान, बँकॉकहून मलेशियाच्या सीमेपर्यंतची रेल्वे आणि क्वालालंपूर-मुंबई विमान. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत निघालात, तर बँकॉकला माघारी येण्याचा खर्च आणि एक दिवस, दोन्ही वाचतात. आठवडाभर आधी काढलेलं एकेरी तिकीट दहा ते चौदा हजारांत बसतं. दोन्ही बाजूंना बारा-बारा हजार धरा. स्वस्त विमान कंपन्या हातातल्या बॅगेला बहुधा सात किलोच देतात आणि विमानतळावर वजन भरल्यास ऑनलाइनच्या कितीतरी पट आकारतात. या हवेत सात किलो पुरतात. कपडे धुऊन देणारी दुकानं प्रत्येक गल्लीत आहेत आणि किलोवर पैसे घेतात.

बँकॉक

सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर वरच्या मजल्यांवरच्या चलन काउंटरकडे वळू नका. सरळ तळमजल्याखालच्या बी मजल्यावर जा. तिथे शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या दाराजवळ चलन बदलून देणाऱ्यांची छोटी दुकानं ओळीने आहेत आणि त्यांचा दर वरच्यापेक्षा स्पष्टपणे चांगला असतो. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटेला सुट्या नोटांपेक्षा जास्त बाट मिळतात. रुपये देऊ नका, फार नुकसान होतं. एटीएममधून काढायचे तर परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट, म्हणजे सहाशे रुपये कापले जातात, म्हणून काढाल तेव्हा एकदम मोठी रक्कम काढा. यंत्र ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारतं. उत्तर नेहमी ‘नाही, बाटमध्ये’ असंच द्या, कारण रुपयांतला दर ते स्वतःच्या फायद्याचा लावतं.

बी मजल्यावरूनच रेल्वेने शहरातल्या फाया थाई स्थानकापर्यंत ४५ बाटमध्ये पोचता येतं. टॅक्सीला ५० बाट विमानतळ अधिभार आणि टोल धरून तीनशे ते चारशे बाट होतात. तिघांत ती परवडते, एकट्याला नाही. एकट्याच्या सहलीत असा प्रत्येक खर्च अखंड आपल्यावर येतो. त्याचा सगळ्यात मोठा फटका खोलीला बसतो. बरी खोली ९०० ते १३०० बाटला, तर हॉस्टेलमधला बेड ३५० ते ६०० बाटला. बँकॉकमध्ये मी बेडच सुचवेन. हॉस्टेलं स्वच्छ आहेत, स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या सर्रास मिळतात आणि पहिल्या संध्याकाळी बोलायला माणसं असतात.

शहरात फिरताना नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट १६ बाटला कितीही लांब नेते. राजवाड्याचं तिकीट ५०० बाट, वाट फोचं ३०० आणि नदीपलीकडच्या वाट अरुणचं २००. तिन्ही मिळून पावणेतीन हजार रुपये होतात. ते खर्च करण्यासारखे आहेत, पण एका दिवसात तिन्ही कोंबू नका. राजवाड्याच्या बाहेर कुणी ‘आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणालं, तर न थांबता दरवाज्यापर्यंत जा. जेवण रस्त्यावर ५० ते ८० बाट. शाकाहारी माणसाने पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षरातलं ‘जे’ शोधावं. त्या ठिकाणी मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. एरवी भाजीच्या पदार्थातही माशाचं पाणी पडतं, म्हणून नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. पाहुरात भागातल्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. बेड, जेवण आणि वाहतूक धरून दिवसाला २८०० रुपये पुरतात.

रात्रीची गाडी आणि सीमा

या सहलीतला माझा सर्वांत आवडता टप्पा हाच, आणि हिशेबानेही तो चोख आहे. बँकॉकच्या क्रुंग थेप अभिवात स्थानकातून मलेशियाच्या सीमेवरच्या पादांग बेसारला जाणारी गाडी दुपारनंतर सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. वातानुकूलित दुसऱ्या वर्गाचा बेड साधारण हजार बाटच्या आसपास. खालचा बेड थोडा महाग, पण रुंद, आणि खिडकी आपली. संध्याकाळी रेल्वेचा माणूस येतो, समोरासमोरच्या दोन बाकांचा पलंग करतो, पांढरी चादर अंथरतो, पडदा लावतो. प्रवासाचे पैसे आणि एका रात्रीचं भाडं एकाच तिकिटात वसूल होतं. सीमेपर्यंत मात्र या गाडीचे मोजकेच डबे जातात, म्हणून तिकीट आधी थायलंडच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर काढायचं. गाडी भरली असेल तर पेनांगला विमान आहे, पण तेवढ्या घाईत त्याला पाच ते सात हजार रुपये लागतात.

पादांग बेसारला दोन्ही देशांच्या खिडक्या एकाच स्थानकात आहेत. सामान घेऊन उतरायचं, थायलंडच्या खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, काही पावलांवर मलेशियाच्या खिडकीवर आत आल्याचा. मलेशियाचं घड्याळ एक तास पुढे आहे. ते लगेच लावून घ्या, कारण पुढची लोकल त्या वेळेवर सुटते. ही लोकल ११.४० रिंगिटमध्ये बटरवर्थला सोडते आणि तिथून पेनांगची फेरीबोट २ रिंगिट घेते. बँकॉक ते पेनांग सगळं मिळून ३२०० रुपये.

एक सावधगिरी. बँकॉकहून बसने सिएम रीपला जाऊन अंकोरवाट पाहायचं, हा जुना मार्ग या बेतात धरू नका. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. शिवाय थायलंडमध्ये जमिनीवरून व्हिसाशिवाय वर्षातून दोनदाच प्रवेश मिळतो.

पेनांग आणि क्वालालंपूर

पेनांगमध्ये सर्वांत जास्त वेळ जॉर्जटाउनला द्या. हे शहर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पायी फिरायचं आहे. मोफत कॅट बसही आहे. इथे बेडऐवजी खोली घ्या, ८० ते १०० रिंगिटला चांगली मिळते. परदेशी पाहुण्याला खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर मात्र वेगळा द्यावा लागतो आणि तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो, काउंटरवर मागतात. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण १० ते १२ रिंगिटला: भात, सांबार, रसम, दोन-तीन भाज्या, पापड, आणि भात पुन्हा हवा तेवढा. पेनांग हिलची रेल्वे परदेशी माणसाला येऊन-जाऊन ३० रिंगिट पडते. ढग असतील त्या दिवशी जाऊ नका. रोजचा खर्च २७०० रुपये.

क्वालालंपूरला रेल्वेने चार तासांत जाता येतं, पंधराशे रुपये धरा. बटू केव्ह्ज ही गुहांमधली मंदिरं लोकलने जाऊन फुकट पाहता येतात, पायऱ्या २७२ आहेत आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. विमानतळाची जलद रेल्वे ५५ रिंगिट घेते, बस १५ च्या आसपास. तासभर आधी निघालात तर बसच घ्या. दिवसाला २९०० रुपये.

आता बेरीज. दोन विमानं २४,०००. बँकॉकच्या चार रात्री ११,२००. गाडी आणि बोट ३,२००. पेनांगच्या तीन रात्री ८,१००. रेल्वे १,५००. क्वालालंपूरच्या तीन रात्री ८,७००. प्रवेशशुल्क ३,४००. पर्यटन कर १,२६०. इंटरनेटचं ई-सिम १,५००, विमा ८००, बँकेचे आकार १,८००. एकूण साधारण साडेपासष्ट हजार. बहात्तर हजार हाताशी ठेवून निघा. स्वतः फॉरेक्स कार्ड भरलं तर आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस हा आगाऊ कर कापला जात नाही.

विम्याबद्दल एवढंच, की आठशे रुपयांचा विमा घेऊन भाड्याची दुचाकी चालवू नका. त्या देशात मान्य असलेला परवाना नसेल तर अपघाताचा दावा नाकारला जातो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना व्हिएतनाममध्ये चालत नाही, हे तिथे दुचाकी भाड्याने देणारा सांगणार नाही.

सिंगापूर की हनोई?

दिवस उरले तर हा प्रश्न येतो, आणि इथे शहराची स्वस्ताई फसवते. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. मूळ शुल्क ३० सिंगापूर डॉलर, पण तो अधिकृत एजंटमार्फतच काढावा लागत असल्याने साडेतीन हजारांपर्यंत जातो. तो मुंबईतूनच काढून निघा. क्वालालंपूरहून बस तेराशे रुपये. हॉस्टेलचा बेड आणि हॉकर सेंटरमधलं ४ ते ७ डॉलरचं जेवण धरून दिवसाला साडेपाच हजार. दोन रात्रींचे झाले सोळा हजार. हनोईत दिवस दोन हजारांत सुखाने जातो, पण विमान बॅगेसह साडेसात हजार आणि ई-व्हिसाचे २५ डॉलर. म्हणजे तीन रात्रींचेही सोळा हजारच. दोन्हीकडे परतीचं विमान त्या शहरातून काढायचं, क्वालालंपूरहून नाही.

सिंगापूरचा एक बारकावा खिशाला उपयोगी आहे. मलेशियातल्या जोहोर बारूहून सिंगापूरच्या वुडलँड्सला पाच मिनिटांत जाणाऱ्या गाडीचं तिकीट ५ रिंगिट आहे आणि उलट दिशेने ५ सिंगापूर डॉलर. आकडा तोच, पण एकीकडे १०५ रुपये आणि दुसरीकडे ३४५. बसचंही बरंचसं असंच असल्याने मलेशियाकडून सिंगापूरकडे जाणं स्वस्त, उलट येणं महाग. तंबाखू, गुटखा, च्युइंगगम बॅगेत चुकूनही राहू देऊ नका. तिथे दंड होतो.

मी स्वतः हनोई निवडेन. नोटा मात्र नीट पाहा. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर आहेत आणि अंधाऱ्या रिक्षात सारख्याच दिसतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत तिथे स्वेटर लागतो. चांद्र नववर्षाच्या दिवसांत दुकानं बंद आणि तिकिटं दुप्पट असतात, तेव्हा त्या आठवड्यात जाऊ नका. ई-व्हिसाला कामाचे तीन दिवस तरी लागतात आणि शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत, म्हणून हनोई ठरलं असेल तर बँकॉकमध्ये पोचल्याच्या संध्याकाळीच अर्ज भरा. त्यात प्रवेशाची तारीख आणि विमानतळ लिहावा लागतो. त्या तारखेच्या आदल्या दिवशी उतरलात तर आत सोडत नाहीत, दोन दिवसांनी उतरलात तर चालतं. म्हणून तारीख एक-दोन दिवस अलीकडचीच टाका.