कॉलेज बदलताना इंग्रजीचा पेपर तपासून घ्या



जून-जुलै महिना आला की आपल्या पाड्यांवरची कितीतरी मुले-मुली कॉलेज बदलण्याच्या विचारात असतात. कोणाला शहरात शासकीय वसतिगृह मिळते, कोणाचे लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात जाते, कोणाचे आईवडील कामासाठी गाव सोडतात. कॉलेज बदलण्यात काहीच गैर नाही. पण गेली काही वर्षे विद्यार्थ्यांबरोबर प्रवेशाच्या खिडकीवर उभी राहताना मी एक गोष्ट पाहत आले आहे. घोडे अडते ते बहुधा इंग्रजीपाशी. इतिहास किंवा भूगोल जुळतो, कारण तो मुख्य विषय असतो आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते. इंग्रजी मात्र ‘कसाबसा काढायचा पेपर’ म्हणून बाजूला राहतो आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आडवा येतो.

म्हणून या अंकातला पाठ इंग्रजीच्या त्या पेपरविषयी.

१. श्रेयांक म्हणजे काय?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर मोजली जाते. साधारण 15 तासांचे वर्गातील शिक्षण म्हणजे 1 क्रेडिट. 2 क्रेडिटचा पेपर म्हणजे सुमारे 30 तास. राज्य शासनाने 2023 मध्ये आखून दिलेल्या आराखड्यात भाषांसाठी वेगळी जागा आहे. तिला एईसी म्हणतात, म्हणजे क्षमता वाढवणारे अभ्यासक्रम. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांचे मिळून 8 क्रेडिट होतात: 4 इंग्रजीचे आणि 4 मराठी, हिंदी अशा आधुनिक भारतीय भाषेचे.

हे क्रेडिट आता ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या खात्यात जमा होतात. 2021 च्या नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त 7 वर्षे वापरता येतात. खाते डिजीलॉकरमधून उघडता येते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. खात्यात क्रेडिट आहेत म्हणजे नवे कॉलेज ते इंग्रजीच्याच जागी धरेल, असे आपोआप होत नाही. कोणता पेपर कशाच्या बरोबरीचा, हे नवे विद्यापीठ ठरवते. यालाच समकक्षता म्हणतात.

२. नाव एक, पेपर दोन

प्रत्येक विद्यापीठाचा आणि प्रत्येक स्वायत्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम थोडा वेगळा असतो. दोन्ही गुणपत्रिकांवर ‘इंग्रजी’ लिहिलेले असले तरी तीन गोष्टी वेगळ्या निघू शकतात: क्रेडिट किती, पेपर कोणत्या सत्रात आणि तो सक्तीचा की मुख्य विषयातला.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचे उदाहरण सांगते. तिच्या जुन्या कॉलेजात पहिल्या वर्षी मराठी होते आणि इंग्रजी दुसऱ्या वर्षी होणार होते. नव्या कॉलेजात क्रम उलटा: इंग्रजी पहिल्या वर्षी, मराठी दुसऱ्या. तिने दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा खिडकीवर सांगण्यात आले, “तुझे पहिले वर्ष पास आहे, काळजी नको.” तसेच चालले असते तर ती मराठी दोनदा शिकली असती आणि इंग्रजीचे 4 क्रेडिट शून्य राहिले असते. आम्ही तिची गुणपत्रिका आणि नव्या कॉलेजचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली, तेव्हा ही फट दिसली. प्राचार्यांकडे लेखी अर्ज केला. पहिल्या वर्षाचे इंग्रजीचे दोन्ही पेपर दुसऱ्या वर्षाबरोबर देण्याची परवानगी मिळाली. दोन्ही वर्गांचे वेळापत्रक एकमेकांवर आले, त्यामुळे तिची फार ओढाताण झाली. एक पेपर सुटला आहे, दुसरा अजून बाकी आहे. तरी तो बाकी आहे हे तिला दुसऱ्या वर्षीच कळले. हेच तिसऱ्या वर्षाचा निकाल राखून ठेवल्यावर कळले असते तर नोकरीचा अर्जही हातातून गेला असता.

३. एटीकेटी मागे राहत नाही

“कॉलेज बदलले की जुनी एटीकेटी जाईल,” असे काही मुलांना वाटते. ती जात नाही. दुसऱ्या विद्यापीठात जाताना राहिलेला पेपर सामान्यतः जुन्याच विद्यापीठात द्यावा लागतो आणि काही ठिकाणी तो सुटल्याशिवाय प्रवेशच पक्का होत नाही. म्हणून इंग्रजी राहिले असेल तर आधी परीक्षेचा अर्ज भरा, मग दाखला काढा. दाखला घेऊन घरी आलेल्या मुलाला पुन्हा जुन्या कॉलेजच्या पायऱ्या चढणे जड जाते. गाडीभाडे लागते, मजुरी बुडते.

४. जाण्यापूर्वी हातात काय हवे?

जुन्या कॉलेजातून निघण्याआधी ही कागदपत्रे घ्यावीत:

• प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, क्रेडिट दाखवणारी.
• इंग्रजीच्या पेपरचा छापील अभ्यासक्रम, कॉलेजचा शिक्का व सही घेऊन. समकक्षता ठरवताना हाच कागद उपयोगी पडतो.
• कॉलेज सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही.
• क्रेडिट खात्याचा क्रमांक, आणि क्रेडिट खरोखर जमा झाले आहेत का याची खात्री.

नव्या कॉलेजात एकच प्रश्न लेखी विचारावा: “माझे इंग्रजीचे किती क्रेडिट धरले आणि किती बाकी आहेत?” उत्तरही लेखी मागावे. तोंडी उत्तर देणारा कर्मचारी उद्या बदलून जाईल, कागद आपल्याजवळ राहील. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरील अर्ज कॉलेजकडूनच तपासला जातो, म्हणून प्रवेशाचा हा गोंधळ वेळेत मिटलेला बरा.

५. आणि इंग्रजी शिकायचे कसे?

कागद जुळले तरी पेपर द्यावाच लागतो. आपल्या मुलांची घरची भाषा पावरी, मावची, वारली किंवा कातकरी. मराठी त्यांनी शाळेत शिकली. म्हणजे इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा आहे. हे ओझे उचलणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू नये. धर्मशास्त्राची पदविका करताना माझीही बरीच पुस्तके इंग्रजीत होती. एका पानाला एक संध्याकाळ जात असे. मला उपयोग झाला तो रोज थोडे मोठ्याने वाचण्याचा आणि पाच ओळी स्वतः लिहिण्याचा. एईसीच्या पेपरमध्ये अर्ज, पत्र, संवाद, छोटा उतारा असा व्यवहारातला भाग बराच असतो. मुलांनी स्वतःचाच वसतिगृहाचा अर्ज इंग्रजीत लिहून पाहावा. अभ्यासही होतो, कामही होते.

गावातल्या सेवकांना आणि वसतिगृहातील ताई-दादांना विनंती आहे की, मुलाने कॉलेज बदलायचे म्हटले की अर्धा तास त्याच्यासोबत बसा आणि दोन्ही अभ्यासक्रम जुळवून पाहा. त्याच्या घरात हे काम करू शकणारे दुसरे कोणी बहुधा नसते.

विचारासाठी व चर्चेसाठी

१. आपल्या गावातील कोणते विद्यार्थी यंदा कॉलेज बदलणार आहेत? त्यांची यादी करा.
२. त्यांपैकी प्रत्येकाचे इंग्रजीचे किती क्रेडिट पूर्ण आहेत? गुणपत्रिका पाहून लिहा.
३. कोणाची इंग्रजीची एटीकेटी आहे का? परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख जुन्या कॉलेजात विचारून घ्या.
४. आठवड्यातून एक तास इंग्रजी वाचून घेईल अशी व्यक्ती आपल्या मंडळात कोण आहे?