नव्वद दिवसांचा हिशेब

कॅडेट मित्रांनो, सुटीवर जाताना आपल्या पासवर परतण्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती चुकली तर गेटवर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. परदेशी शिकायला जाणाऱ्याचा व्हिसा हाही एक पासच. फरक एवढाच, की परतण्याची खरी तारीख बहुधा आपली आपण मोजावी लागते. मी ती चुकीची मोजली होती.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मला जर्मनीतील एका प्रयोगशाळेत दोनदा जायचे होते. माझ्याकडे वर्षभर मुदतीचा, अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा होता. पहिल्या खेपेस मी १ मार्चला पोहोचलो आणि २९ एप्रिलला निघालो. दुसऱ्यांदा १ जुलैला गेलो, तो १४ ऑगस्टचे परतीचे तिकीट काढूनच. सादरीकरण ७ ऑगस्टला होते. व्हिसाची मुदत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत असल्याने मी निर्धास्त होतो.

दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षातील बाईंनी माझ्या पासपोर्टवरचे शिक्के पाहिले, कागदावर आकडे मांडले आणि म्हणाल्या, "तुम्हाला ३० जुलैला निघावे लागेल."

त्यांनी समजावलेला हिशेब असा.

१) व्हिसाची मुदत वेगळी आणि राहण्याचे दिवस वेगळे. मुदत म्हणजे ज्या काळात व्हिसा वापरता येतो तो काळ. प्रत्यक्ष किती दिवस राहायचे, तो आकडा व्हिसावर स्वतंत्र छापलेला असतो. अल्पमुदतीच्या व्हिसावर तो जास्तीत जास्त ९० असतो.

२) हे ९० दिवस कोणत्याही १८० दिवसांत मिळून असतात. जानेवारी ते जून एक सहामाही, जुलैपासून दुसरी, असे मी धरले होते. तसे नाही. ज्या दिवसाचा हिशेब करायचा, तो धरून १८० दिवस मागे मोजायचे. नकाशावर बॅक बेअरिंग घेतो, तसे उलट पाहायचे. ३० जुलैपासून मागे मोजले तर १ फेब्रुवारी येतो. माझे मार्च-एप्रिलचे ६० दिवस त्यातच बसत होते. ६० आणि जुलैचे ३० मिळून ९०. ३१ जुलैला मी बेकायदा ठरलो असतो.

३) पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

४) शेंगेनमधील २९ देशांचा हिशेब एकत्र होतो. जर्मनीतून फ्रान्सला गेल्याने मोजणी थांबत नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंडचे नेमके उलट. म्हणून देशांची यादी पाहूनच प्रवास ठरवावा. सीमेवर नेहमी तपासणी नसली तरी पासपोर्ट जवळ हवाच.

५) प्रवेशांची संख्या वाचा. व्हिसावर '०१' असेल आणि तुम्ही बुडापेस्टहून बेलग्रेडला गेलात, तर सर्बियाने तुम्हाला आत घेतले, तरी त्याच व्हिसावर हंगेरीत परत येता येणार नाही.

पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना मिळतो. तो देणाऱ्या देशातील दिवस या ९० मध्ये धरत नाहीत. इतर शेंगेन देशांत फिरताना मात्र हाच नियम लागतो. मुदत ओलांडली तर दंड, प्रवेशबंदी आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात अडचण येऊ शकते. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शिक्का पुसट होता, ही सबब आता चालणार नाही.

मी तिकीट बदलले. जास्तीचे पैसे वडिलांनी पाठवले. पाच महिन्यांच्या कामाचे सादरीकरण माझ्या सहकाऱ्याने केले आणि मी ते घरी बसून पडद्यावर पाहिले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले वडील शेजारी होते. ते एवढेच म्हणाले, "पास नीट वाचला नव्हतास ना?"

आता तुमच्यासाठी एक गणित. एक विद्यार्थिनी १० सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर शेंगेनमध्ये राहिली आणि १ डिसेंबरला पुन्हा गेली. तिने उशिरात उशिरा कधी निघावे? उत्तर आहे २९ जानेवारी. तुमचे उत्तर ३१ जानेवारी आले असेल, तर तुम्ही महिने मोजलेत, दिवस नाही.