उंच इमारतींतील आग आणि धुराची वाट

शहरांतील जागेची टंचाई वाढली, तशा इमारतीही उंच होत गेल्या. आता ही उंची शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीपर्यंत पोहोचली आहे. अशा इमारतीस आग लागली की सर्वांचे लक्ष ज्वाळांकडे जाते. वस्तुतः अधिक बळी घेतो तो धूर. त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक दृढतेने जोडला जातो आणि ज्वाळांपासून दूर असलेला माणूसही बेशुद्ध होतो.

तप्त धूर हलका असल्याने वर चढतो. जिना, लिफ्टचा मार्ग आणि विजेच्या तारा व नळ वर नेणारे डक्ट या त्याच्या सोयीच्या वाटा होत. मुंबईत गोरेगाव येथे ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे एका निवासी इमारतीच्या तळाशी आग लागली आणि वर चढलेल्या धुराने रहिवासी गुदमरले. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. तेथे जिना एकच होता. घरांचे कित्येक दरवाजे आपोआप मिटले नाहीत, त्यामुळे धूर लॉबीत व तेथून जिन्यात शिरला, असे चौकशीत आढळले.

जिना धूरमुक्त ठेवण्याचे मार्ग दोन. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या जिन्यास खिडक्या व माथ्यावर कायमचा झरोका ठेवता येतो. आतील जिन्यात पंख्याने हवा भरून दाब वाढवितात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार हा दाब ५० पास्कल, म्हणजे पाण्याच्या जेमतेम ५ मिलिमीटर स्तंभाएवढा, असावा. एवढा अल्प दाब धूर थोपवितो, पण दरवाजे मिटलेले असतील तरच! वारा यावा म्हणून दाराला लावलेली वीट किंवा झाडाची कुंडी ही सारी खर्चिक यंत्रणा निरुपयोगी ठरविते. डक्टमधील प्रत्येक मजल्यावरील पोकळी अग्निरोधक द्रव्याने बुजविणेही तितकेच निकडीचे आहे. नवी केबल टाकताना फोडलेले भोक बहुधा तसेच राहते.

जिन्यात धूर असल्यास त्यात उतरू नये. घराचे दार मिटून फटीत ओले कापड खोवावे, खिडकीपाशी थांबावे व १०१ क्रमांकावर मजला कळवावा. शाळांतील मुलांना हे सहज शिकविता येईल.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर आहे. परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. त्या तपासणीच्या वेळी गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी जिन्याचा प्रत्येक दरवाजा स्वतः उघडून सोडून पाहावा. तो आपोआप पूर्ण मिटतो की नाही, हे पाहण्यास उपकरण लागत नाही.