हरवतं ते कार्ड, नंबर नव्हे!

डीबीएमएसमध्ये आपण प्रायमरी की शिकतो. आधारचा १२ अंकी नंबर म्हणजे तशीच की. कार्ड हा फक्त तिचा प्रिंटआउट. त्यामुळे कार्ड हरवलं तर ‘नवीन आधार’ काढायचं नसतं, जुन्याचीच प्रत घ्यायची असते. कशी?

१) मोबाइल जोडलेला असेल, तर विसरलेला नंबर यूआयडीएआयच्या साइटवर नाव आणि ओटीपी देऊन मिळतो. ई-आधार फुकट डाउनलोड होतं आणि कार्डाइतकंच ग्राह्य असतं.

२) मोबाइल जोडलेला नसेल, तर आधार केंद्र गाठा. रे रोडला दारुखान्यात भंगाराचं काम करणारे माझ्या ओळखीचे एक काका एजंटला हजार रुपये द्यायला निघाले होते. मी त्यांना केंद्रात नेलं. लोखंड उचलून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेईना! शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं.

३) लोकलमध्ये हरवलं असेल, तर लोहमार्ग पोलिसांकडे नोंद करा. पुढे कुणी गैरवापर केला, तर ती कामी येते.

अडलंच तर १९४७ हा टोल-फ्री नंबर आहे. आणि हो, घरातल्या मोठ्यांच्या आधारला चालू मोबाइल जोडलाय का, ते आजच बघा. ओटीपी त्यावरच येतो.