गेम सर्व्हरसाठी बॉट स्वतः कंपाइल करा : रिकामा सर्व्हर गिऱ्हाईक परत पाठवतो

व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं, तेच इथं नीट लिहून देतो. वही काढा.

आपल्या दर्यापुरात कोणी गेमिंग कॅफे टाकला, काउंटर-स्ट्राइक १.६ चा सर्व्हर भाड्याने घेतला, तर पहिली अडचण काय? दुपारी पोरगा येतो, सर्व्हरवर कोणी नाही, पाच मिनिटांत निघून जातो. यावर उपाय म्हणजे बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेले खेळाडू. ‘वायएपीबी’ हा ओपन सोर्स बॉट यासाठी चांगला आहे.

सोर्स कोड म्हणजे कापूस. सर्व्हरला पाहिजे सूत. मधली कताई म्हणजे कंपाइल करणं.

माझी चूक आधी सांगतो. मी एका मित्राच्या कॅफेसाठी घाईत ६४ बिटची फाइल बनवली. रविवारी स्पर्धा, पोरं बसलेली, आणि सर्व्हर म्हणतो ‘राँग ईएलएफ क्लास’. कारण हा गेम १९९८ च्या हाफ-लाइफच्या इंजिनवर चालतो आणि त्याचा लिनक्स सर्व्हर ३२ बिटचा आहे. बॉटही ३२ बिटचाच लागतो.

आता पायऱ्या :

१. सर्व्हर घेण्याआधी प्रोसेसर विचारा. इंटेल-एएमडीचा एक्स८६ पाहिजे. स्वस्त मिळतो म्हणून एआरएम घेऊ नका.

२. डेबियन किंवा उबुंटूवर गिट, मेसन, निंजा आणि जी++ मल्टिलिब बसवा. मल्टिलिब नसेल तर ३२ बिटचं कंपाइल होत नाही.

३. कोड सबमॉड्यूलसकट उतरवा, मग बिल्ड करा. जीसीसीला ‘मायनस एम३२’ गेलंय ना, ते बघा.

४. तयार एसओ फाइलवर ‘फाइल’ कमांड चालवा. ‘३२-बिट’ दिसलं तरच पुढं जा.

५. मेटामॉडच्या प्लगइन्स फाइलमध्ये तिचा पत्ता लिहा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.

‘जीलिबसी’ची अमुक आवृत्ती सापडत नाही असं आलं, तर तुम्ही नव्या लिनक्सवर कंपाइल केलंय आणि सर्व्हर जुना आहे. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे, तिच्यावरच कंपाइल करा. जुन्यावर बांधलेलं नव्यावर सहसा चालतं, उलटं चालत नाही.

आणि हो, प्रकल्पाची तयार फाइल मिळते. ती चालत असेल तर तीच वापरा. उगाच घाम गाळू नका.

शेवटी धंद्याची गोष्ट. कोटा ‘फिल’ मोडवर ठेवा, म्हणजे माणूस आला की बॉट आपोआप बाजूला होतो. बॉटच्या नावाआधी ‘बॉट’ लिहा. दहा खरे खेळाडू आहेत असं भासवून पैसे घेतले, तर एकदाच घ्याल. आपलं गाव लहान आहे, बोभाटा लवकर होतो.

गृहपाठ : स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी कंपाइल करून चाचणी घ्या. अडलं तर कमेंटमध्ये एरर जशीच्या तशी टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!